पांढऱ्या शेपटीची हरणे आणि जंगलात न उरलेली रोपटी

ओकसावली

मी पेनसिल्व्हेनियाच्या आग्नेय भागात, फिलाडेल्फियापासून जवळच राहते. आमच्या टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, मालकीचे एक लहानसे जंगल आहे. येत्या हंगामापासून तिथे धनुष्यबाणाने होणाऱ्या नियंत्रित शिकारीला परवानगी द्यावी का, यावर सध्या सभा चालू आहेत आणि इथल्या मराठी मंडळींत बराच मतभेद आहे. हरणे मुळात इथलीच, त्यांच्या रानात घरे बांधली ती आपण, तेव्हा त्यांना मारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, असे अनेकांचे म्हणणे आहे. पाच वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत असे. पुढे त्या जंगलात रोपे लावणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर काम करू लागले आणि माझे मत बदलले. ते का बदलले हे सांगायचे तर आधी या प्राण्याचे शरीर आणि त्याच्या गरजा समजून घ्याव्या लागतात, म्हणून हा धागा काढत आहे.

दक्षिण कॅनडापासून थेट पेरू आणि बोलिव्हियापर्यंत आढळणारे पांढऱ्या शेपटीचे हरीण ही एकच जाती आहे. उत्तरेकडचा पूर्ण वाढलेला नर शंभर किलोंच्या पुढे सहज जातो, तर फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाकडील बेटांवर राहणाऱ्या 'की' हरणाचा नर साधारण पस्तीस किलोंच्या आतच राहतो. आपल्या चितळासारखीच याचीही शिंगे फक्त नराला येतात आणि दर वर्षी गळून पडतात. (काळविटाची शिंगे आयुष्यभर टिकतात, कारण काळवीट हरीणकुळातला नसून गाय-शेळीच्या कुळातला आहे.) वसंतात दिवस मोठा होऊ लागला की नवी शिंगे मखमलीसारख्या त्वचेखाली वाढू लागतात. त्यांना इतके कॅल्शियम लागते की ते नुसत्या खाण्यातून पुरत नाही आणि शरीर बरगड्यांसारख्या हाडांतून ते तात्पुरते उसने घेते. सप्टेंबरच्या सुमारास मखमल खरवडून निघते, नोव्हेंबरात माजाचा काळ ऐन भरात येतो आणि हिवाळ्यात शिंगे झडतात. शिंगांना किती फाटे आहेत त्यावरून वय सांगता येते, हा समज चुकीचा आहे. वय ओळखण्यासाठी खालच्या जबड्यातील दाढांची झीज पाहतात.

जंगलाच्या दृष्टीने शिंगांपेक्षा पोट महत्त्वाचे आहे. हे जनावर गाईसारखे रवंथ करते, परंतु गाईसारखे गवतावर भागवत नाही. याचे तोंड निमुळते आणि कोटीपोट (खाल्लेले प्रथम जिथे साठते आणि आंबते तो पोटाचा कप्पा) शरीराच्या मानाने लहान, त्यामुळे ते निवडून खाते. कोवळे कोंब, कळ्या, रानफुले, पडलेली फळे आणि शरद ऋतूत ओकची फळे हा त्याचा आहार आहे. प्रौढ हरीण दिवसाला साधारण दोन ते तीन किलो खाद्य खाते. वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्यामुळे ते डहाळी कापत नाही, ओढून तोडते, आणि म्हणून खाल्लेल्या डहाळीचे टोक चिंधीसारखे फाटलेले दिसते. सशाने खाल्लेली डहाळी सुरीने तिरपी छाटल्यासारखी असते. आमच्या जंगलात फिरताना हा एवढा फरक ओळखायला शिकले आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना जे दिसू लागले त्याने मी हादरले. मोठी झाडे आहेत, पण त्यांच्या खाली त्यांची पुढची पिढी नाही. जमिनीपासून हरणाचे तोंड पोहोचते तिथपर्यंत झाडोरा रेघ मारल्यासारखा साफ झालेला आहे आणि त्याखाली नुसते नेचे माजलेले आहेत, कारण हरणे ते सहसा खात नाहीत.

या जनावराला घनदाट अरण्य लागत नाही. त्याला लागतो जंगलाचा काठ, म्हणजे एका बाजूला लपायला झाडी आणि दुसऱ्या बाजूला उन्हात वाढलेला कोवळा पाला, तोही एखाद-दोन चौरस किलोमीटरच्या आत. आपली उपनगरे म्हणजे नेमका असाच काठ आहे. खत घातलेल्या बागा आहेत, शिकारीला बंदी आहे, लांडगा नाही, आणि जागोजाग झाडीचे तुकडे राखलेले आहेत. हरणांच्या रानात आपण घरे बांधली हे खरे आहे, पण ती घरे बांधताना आपण त्यांना पूर्वीच्या अखंड अरण्यापेक्षा अधिक सोयीचा अधिवास तयार करून दिला, हेही तितकेच खरे आहे.

वाढीचा वेग किती असतो याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मिशिगनमधले आहे. जॉर्ज रिझर्व्ह नावाच्या, सुमारे साडेअकराशे एकरांच्या कुंपणबंद क्षेत्रात १९२८ मध्ये सहा हरणे सोडली होती. सहा वर्षांच्या आत हाका घालून केलेल्या मोजणीत १६० हरणे भरली. गर्भकाळ साधारण २०० दिवसांचा असतो, प्रौढ मादीला बहुधा जुळी होतात, आणि खाणे मुबलक असेल तर सहा-सात महिन्यांची मादीसुद्धा पहिल्याच हिवाळ्याच्या तोंडावर गाभण राहते. एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून कळपाची वाढ ठरते ती माद्यांच्या संख्येवर.

पेनसिल्व्हेनियाचा इतिहास इथेच अडखळला. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी झालेल्या शिकारीने आणि जंगलतोडीने हे हरीण जवळजवळ संपले होते. १९०० च्या सुमारास साऱ्या अमेरिकेत पाच लाखांहूनही कमी उरली असावीत असा अंदाज आहे, आज ती सुमारे तीन कोटी मानली जातात. पेनसिल्व्हेनियाने १९०६ पासून बाहेरच्या राज्यांतून हरणे आणून सोडली आणि १९०७ मध्ये मादीच्या शिकारीवर बंदी घातली. त्या वेळी तो निर्णय योग्यच होता. तोडलेल्या जंगलाच्या जागी कोवळी झाडी उगवली होती, खाणे भरपूर होते, आणि कळप झपाट्याने वाढले. मात्र मादी मारायची नाही हा नियम शिकाऱ्यांच्या मनात जवळजवळ धर्मासारखा रुजला. कळप जंगलाला पेलेनासे झाल्यावरही तो मनातून गेला नाही.

हरणे किती झाली म्हणजे फार झाली, याचे उत्तर मला याच राज्याच्या वायव्येकडील प्रयोगात सापडले. अमेरिकी वनसेवेच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात जंगलाचे तुकडे कुंपणाने बंद केले आणि त्यांत चौरस मैलाला १०, २०, ४० आणि ८० या प्रमाणात हरणे ठेवून दहा वर्षे निरीक्षण केले. वीसच्या पुढे गेल्यावर रोपट्यांची विविधता घटत गेली आणि हरणांना न आवडणारी ब्लॅक चेरीची झाडे आणि नेचे यांचे राज्य झाले. मधल्या थरात घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या जाती सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त घनता यांच्या दरम्यान २७ टक्क्यांनी घटल्या, आणि त्या पक्ष्यांची संख्या ३७ टक्क्यांनी. हरीण पक्ष्याला हातही लावत नाही. ते फक्त त्याचे घरटे जिथे बसायचे ते झुडूप वाढू देत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की हरणांची संख्या योग्य आहे का हे हरणे मोजून ठरवू नये, जमिनीवरची रोपटी पाहून ठरवावे. या विषयात काम केलेल्यांनी किंवा वेगळे मत असणाऱ्यांनी अवश्य लिहावे.

पळसबन

धागा आवडला. मी नागपूरचा. पेंच आणि ताडोब्याच्या परिसरात चितळांचे मोठे कळप पाहत आलो आहे, पण तिथे वाघ, बिबट्या आणि रानकुत्रे असे तिघेही त्यांच्या मागावर असतात. तुमच्याकडे अशी शिकारी जनावरे उरलेलीच नाहीत का? आणि ती परत आणणे हा शिकारीपेक्षा बरा उपाय ठरणार नाही का?

ओकसावली

पळसबन, लांडगा आणि प्यूमा (मांजरकुळातला एक मोठा प्राणी) हे इथले मूळ शिकारी होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत दोघेही या राज्यातून नाहीसे झाले. पूर्वेकडचा प्यूमा तर २०१८ मध्ये संघराज्याच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून, नामशेष झाला म्हणून, काढून टाकण्यात आला. आता कोयोटी (लांडग्याचा लहान भाऊबंद) आणि काळे अस्वल आहेत. ते जून महिन्यात बरीच पाडसे उचलतात, पण धडधाकट प्रौढ मादी त्यांच्या हाती क्वचितच लागते, आणि कळपाची वाढ तर प्रौढ मादीवर अवलंबून असते. उत्तर मिनेसोटासारख्या विरळ वस्तीच्या प्रदेशात लांडगे आहेत आणि तिथे ते हरणांवर जगतात. दर अर्ध्या मैलावर रस्ता आणि शाळा असलेल्या आमच्या परिसरात लांडगा आणण्याचा विचार कोणी करू शकणार नाही.

शिकारी जनावर नसलेल्या जागी हरीण सोडल्यावर काय होते याचे उदाहरण आपल्या देशातही आहे. ब्रिटिशांनी अंदमानात चितळ नेऊन सोडले आणि तिथल्या जंगलाचा खालचा थर त्यांनी असाच खरडून काढला आहे.

समिधा_जर्सी

मी न्यू जर्सीत राहते आणि माझ्या घरामागे रोज संध्याकाळी एक हरिणी दोन पाडसे घेऊन येते. तुमचा अभ्यास मला मान्य आहे, तरी तिला बाण लागल्याचे चित्र मनात आणवत नाही. गर्भनिरोधक लस उपलब्ध आहे असे वाचले होते. ती वापरावी, जीव घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

ओकसावली

समिधाताई, तुमची वेदना मला परकी नाही, म्हणून सविस्तर उत्तर देते. अशा दोन प्रकारच्या लशी आहेत आणि त्यांपैकी गोनाकॉन या लशीला २००९ मध्ये माद्यांवर वापरण्यासाठी संघराज्याच्या पर्यावरण संस्थेने मान्यता दिली. लस काम करते, हे निर्विवाद आहे. अडचण तिच्या वापरात आहे. कळपातल्या बहुसंख्य माद्यांना ती टोचावी लागते, काही वर्षांनी पुन्हा टोचावी लागते, आणि त्यासाठी प्रत्येक मादी पकडावी लागते किंवा तिच्या जवळ जाऊन बंदुकीने सुई मारावी लागते. बेटावर किंवा कुंपणाच्या आत हे जमू शकते. न्यू यॉर्क शहराने २०१६ पासून स्टेटन आयलंडवर नरांची नसबंदी सुरू केली, तेही बेटच आहे. आमच्यासारख्या मोकळ्या प्रदेशात शेजारच्या रानातून नवी हरणे येतच राहतात, कारण दीड वर्षाचे तरुण नर आईचा परिसर सोडून काही मैल दूर जाऊन वस्ती करतात.

त्याहून मोठी गोष्ट अशी, की लस दिलेले हरीण जिवंत राहते आणि पुढची दहा वर्षे खात राहते. जंगलावरचा भार आज कमी करायचा असेल तर लशीने तो होत नाही. ज्या जंगलात दोन-तीन दशके एकही ओकचे रोपटे वर आलेले नाही, तिथे या दहा वर्षांची किंमत मोठी आहे.

आमच्या जवळच व्हॅली फोर्ज हे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. तिथे घनता चौरस मैलाला दोनशेहून अधिक झाली होती. २०१० पासून प्रशिक्षित नेमबाजांकरवी, उद्यान बंद ठेवून, रात्री हरणे काढण्यास सुरुवात झाली. उद्दिष्ट ३१ ते ३५ चे होते आणि मांस गरजूंना अन्न पुरवणाऱ्या संस्थांना देण्यात आले. ही गोष्ट वाचायला सोपी नाही. परंतु उपासमारीने हिवाळ्यात मरणारे हरीण तुम्ही एकदा पाहिले असते, तर बाण हाच सर्वांत क्रूर मार्ग आहे असे तुम्हाला वाटले नसते.

गारठा_विस्कॉन्सिन

मी विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला राहतो. आमच्या राज्यात हा वाद फार जुना आहे. वन्यजीवशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड इथल्या विद्यापीठात शिकवत. उत्तरेकडे उपाशी हरणांनी हिवाळी आसऱ्याची झाडी संपवलेली पाहून त्यांनी माद्या कमी करण्याचा आग्रह धरला. ते राज्याच्या संवर्धन आयोगाचे सदस्य असताना, १९४३ मध्ये, माद्यांच्या शिकारीला परवानगी मिळाली आणि त्यावर लोक इतके संतापले की त्या हंगामाला 'त्रेचाळीसचा गुन्हा' असे नाव पडले. जंगलाचा विचार करणाऱ्या माणसाला हरणांचा शत्रू ठरवले जाते, हे तेव्हापासून चालत आले आहे.

मला मुख्यतः एका गोष्टीबद्दल लिहायचे आहे, ती म्हणजे हरणांना खायला घालणे. पुष्कळ मराठी घरांत गाईला घास द्यावा त्या भावनेने हिवाळ्यात मका टाकतात. कृपा करून तसे करू नये. हिवाळ्यात हरणाच्या कोटीपोटातील सूक्ष्मजीव डहाळ्या आणि कळ्या पचवण्यासाठी जुळवून घेतलेले असतात. त्यावर अचानक मका पडला की पोटात आम्ल वाढते आणि भरल्या पोटी जनावर मरते. ज्यांनी गावाकडे धान्याच्या राशीत तोंड घातलेली गाय पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. खरे तर हिवाळ्यात हरणाची भूक निसर्गतःच मंदावते आणि शरदात साठवलेल्या चरबीवर ते बरेच दिवस काढते. आमच्याकडे दाट बर्फात हरणे पांढऱ्या सीडर आणि हेमलॉक या सूचिपर्णी झाडांच्या दाट सावलीत एकत्र येतात, कारण तिथे बर्फ उथळ असतो आणि वारा लागत नाही. अशी झाडी टिकवणे हीच हिवाळ्यातली खरी मदत आहे.

दुसरे कारण रोगाचे आहे. 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' हा मेंदूचा रोग १९६७ मध्ये कोलोराडोतील बंदिस्त हरणांत प्रथम दिसला आणि विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये सापडला. तो विषाणूने होत नाही, जिवाणूनेही होत नाही. प्रायॉन नावाच्या, चुकीची घडी पडलेल्या प्रथिनाने होतो. हे प्रथिन लाळ, मूत्र आणि विष्ठेतून बाहेर पडते आणि मातीत वर्षानुवर्षे टिकते. लस नाही, औषध नाही, बाधा झालेले प्रत्येक हरीण मरतेच, आणि पहिली दीड-दोन वर्षे ते अगदी निरोगी दिसते. मक्याच्या एका ढिगावर वीस तोंडे एकत्र आली तर काय होईल, याचा विचार करावा. माणसाला हा रोग झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी बाधित हरणाचे मांस खाऊ नये असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे.

ओकसावली

गारठा, मनापासून आभार. पेनसिल्व्हेनियात हा रोग २०१२ मध्ये आढळला. जिथे तो सापडला आहे त्या घोषित क्षेत्रांत हरणांना खायला घालणे कायद्याने बंद आहे, आणि मेंदू व पाठीचा कणा यांसारखे अवयव त्या क्षेत्राबाहेर नेण्यासही मनाई आहे.

डॉ_निरामय

मी कनेक्टिकटमध्ये वैद्यकीय व्यवसाय करतो. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचे नाव याच राज्यातील लाइम गावावरून पडले आहे. हरणे कमी केली की हा रोग जाईल असे सभांमध्ये हमखास सांगितले जाते, म्हणून थोडे स्पष्ट करतो. रोगाचा जिवाणू हरणाच्या रक्तात टिकत नाही. गोचिडीच्या पिलाला तो मुख्यतः पांढऱ्या पायांच्या उंदराकडून मिळतो. हरणाची भूमिका वेगळी आहे. प्रौढ मादी गोचीड अंडी घालण्यापूर्वीचे रक्त प्रामुख्याने हरणावर पिते आणि तिथेच तिला नरही भेटतो. मेन राज्यातील मॉनहेगन बेटावरची सर्व हरणे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात काढून टाकल्यावर तिथल्या गोचिडी जवळजवळ संपल्या. परंतु शंभराची साठ हरणे केल्याने तसा परिणाम मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. उरलेल्या साठांवरही गोचिडींचे भागते. तुमच्या टाउनशिपने जंगलासाठी निर्णय घ्यावा, लाइमचे आश्वासन देऊन घेऊ नये, अन्यथा तीन वर्षांनी लोक फसवणूक झाली असे म्हणतील.

ओकसावली

डॉक्टर, हा मुद्दा मी पुढच्या सभेत तुमच्याच शब्दांत मांडणार आहे. आमच्या पत्रकात लाइमचा उल्लेख सर्वांत वर होता आणि तो मीच घातला होता. तो काढून टाकते.

मोगरा२०१४

विषयाशी जोडूनच एक तातडीचा प्रश्न आहे. आज सकाळी आमच्या झुडपाखाली ठिपक्यांचे पाडस एकटेच निपचित बसलेले दिसले. आई कुठेही नाही. मुले त्याला दूध पाजायचे म्हणत आहेत. कोणाला कळवावे?

गारठा_विस्कॉन्सिन

मोगरा, त्याला हात लावू नका आणि मुलांना व कुत्र्याला दूर ठेवा. पाडस सोडून दिलेले नाही. पहिले काही आठवडे पाडसाच्या अंगाला वास जवळजवळ नसतो, म्हणून त्याची सुरक्षितता निश्चल बसण्यात आणि आईने दूर राहण्यात असते. ती दिवसातून काही वेळाच येऊन पाजते आणि पुन्हा निघून जाते. जुळी असतील तर दोघांना वेगवेगळ्या जागी लपवते. पाडस सतत ओरडत भटकत असेल, जखमी असेल किंवा जवळ मेलेली मादी दिसली, तरच राज्याच्या वन्यजीव विभागाला फोन करावा. घरी नेऊन पाळणे बहुतेक ठिकाणी बेकायदाही आहे.

मोगरा२०१४

धन्यवाद. संध्याकाळी खिडकीतून पाहिले, ती आली होती. पाडस उठून तिच्यामागे झाडीत गेले.

पळसबन

एक शंका राहिली. शिकारीला परवानगी दिली तरी शिकारी मोठ्या शिंगांचा नरच निवडणार. मग माद्या कमी कशा होणार?

ओकसावली

हाच या राज्यातला कळीचा प्रश्न होता. २००० नंतर गॅरी आल्ट या जीवशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने राज्याच्या गेम कमिशनने (शिकार आणि वन्यजीव यांचे काम पाहणाऱ्या संस्थेने) नर आणि मादी यांचे बंदुकीचे हंगाम एकत्र केले, आणि २००२ पासून शिंगाला ठरावीक फाटे असल्याशिवाय नर मारू नये अशी अट घातली. त्यामुळे तरुण नर वाचले आणि शिकाऱ्यांचा कल माद्यांकडे वळला. विरोध प्रचंड झाला आणि २००४ च्या अखेरीस आल्ट यांनी पद सोडले, पण शिंगांची अट आजही कायम आहे. आमच्या प्रस्तावात याहून सरळ नियम आहे. प्रत्येक धनुर्धराने आधी एक मादी आणून दाखवायची, त्यानंतरच त्याला नराचा परवाना वापरता येईल. अनेक उपनगरांत ही पद्धत चालते. कळप नुसता स्थिर ठेवायचा तरी दर वर्षी सुमारे एकतृतीयांश माद्या काढाव्या लागतात. एकदाच शिकार करून थांबलो तर उरलेल्यांना खाणे वाढते, जुळ्यांचे प्रमाण वाढते, आणि काही वर्षांत आपण पुन्हा होतो तिथेच येतो.

सभेत मी एक अट घालायला सांगणार आहे. शिकार सुरू होण्यापूर्वी जंगलात ठिकठिकाणी चौकटी आखायच्या, त्यांपैकी निम्म्यांना आठ फूट उंच जाळीचे कुंपण करायचे, निम्म्या उघड्या ठेवायच्या. दर वर्षी मे महिन्यात दोन्हींतली ओक, मेपल आणि हेमलॉकची रोपटी व ट्रिलियमची फुले मोजायची, उंची लिहायची, आणि टोक फाटलेले आहे की तिरपे कापलेले तेही नोंदवायचे. उघड्या चौकटींतील रोपटी कुंपणातल्या रोपट्यांच्या जवळपास आली, की पुढच्या वर्षीचे परवाने कमी करायचे. समिधाताई, न्यू जर्सीहून तुम्हाला यायला दीड तास लागेल. चौकटी आखण्याच्या दिवशी आलात तर मला फार बरे वाटेल. नोंदवहीत एक नाव शिकारीला विरोध असणाऱ्या व्यक्तीचेही असावे अशी माझी इच्छा आहे.

समिधा_जर्सी

मत बदलले असे म्हणणार नाही, पण येईन. सशाची आणि हरणाची डहाळी कशी ओळखायची ते मला आधी दाखवा.